आधी कोण? उकव्याच्या घाटापासून फिनलंडच्या दंडापर्यंत

घाटातल्या अरुंद वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या. एक चढतेय, एक उतरतेय. थांबायचं कोणी?

उकव्यात हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: चढणाऱ्याला जाऊ द्या. मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून बैहरकडे निघालं की भरवेली मागे पडते, गांगुलपारा येतं आणि मग रस्ता जंगलातून वर चढायला लागतो. वर उकवा, म्हणजे मॉइलची मँगनीजची खाण. या रस्त्यावर सिमेंट किंवा किराणा भरून वर येणारा ट्रक मधेच थांबवला, तर तो पुन्हा उचलणं सोपं नसतं. ड्रायव्हर हाफ क्लचवर इंजिन धरून ठेवतो, गाडी इंचभर मागे येते, क्लीनर दगड घेऊन खाली उडी टाकतो आणि मागच्या चाकाला लावतो. उतरणाऱ्याला मात्र फक्त ब्रेक दाबून कडेला व्हायचं असतं. ज्याला थांबणं सोपं, त्याने थांबावं.

ही नुसती घाटातली रीत नाही, देशाचा नियम आहे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत तो आहे आणि त्याआधीच्या १९८९ च्या रस्ते नियमांतही होता. लायसन काढताना तो किती जणांना शिकवला जातो, हा वेगळा प्रश्न.

पण उकव्याच्या घाटात याला एक पोटनियमही आहे, कुठे न लिहिलेला. मँगनीज भरून खालच्या गिअरमध्ये उतरणारा ट्रक दिसला की चढणारी मोटारसायकल आणि जीपसुद्धा आपणहून बाजूला होते. मँगनीजचं वजन जबर, उतारावर ब्रेक तापलेले, त्याच्या वाटेत कोण कशाला येईल? स्वित्झर्लंडने नेमकी हीच गोष्ट कायद्यात लिहून ठेवलीय. तिथल्या डोंगरी रस्त्यांवर जड गाडीला हलक्या गाडीच्या आधी मान, आणि दोन्ही सारख्याच असतील तर चढणाऱ्याला आधी. आल्प्सचा ड्रायव्हर आणि सातपुड्याचा ड्रायव्हर एकमेकांना कधी भेटले नसतील, तरी दोघांनी घाटाकडून एकच धडा घेतलाय.

स्वित्झर्लंडमध्ये आणखी एक मानकरी आहे: पिवळी पोस्टबस. निळ्या पाटीवर पिवळा कर्णा काढलेला दिसला की समजायचं, या रस्त्यावर पोस्टबस पहिली. समोरून ती आली आणि जागा अपुरी असली, तर तिचा ड्रायव्हर म्हणेल तसं करायचं. मागे घे म्हणाला तर मागे घ्यायची. तिचा तीन सुरांचा भोंगा रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ संगीतिकेतून घेतलेला आहे. वळणाआड तो वाजला की अख्ख्या दरीला कळतं, बस येतेय.

हॉर्न: कुठे गुन्हा, कुठे कर्तव्य

आता हॉर्नचा विषय निघालाच आहे. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. कारण साधं होतं: ही पाटीच मागच्याला हॉर्न वाजवायचं आमंत्रण देते. शहरासाठी निर्णय योग्यच. पण उकव्याच्या आंधळ्या मोडावर हॉर्न न वाजवता जो गाडी घालतो, त्याला इथले लोक अडाणी म्हणतात.

हा पेच जपानने छान सोडवलाय. तिथे विनाकारण हॉर्न वाजवणं कायद्याने मना आहे. टोकियोच्या गर्दीतही भोंगे फारसे कानावर येत नाहीत. पण डोंगरी रस्त्यावर जिथे समोरचं दिसत नाही, तिथे हॉर्नची निळी पाटी लावलेली असते, आणि त्या पाटीपाशी हॉर्न वाजवलाच पाहिजे. न वाजवणं हा तिथे नियमभंग. घाटात वाजवा, बाजारात गप्प राहा, इतकं सरळ. आपल्याकडेही ‘हॉर्न वाजवा’च्या पाट्या घाटांत असतात, उणीव आहे ती दुसऱ्या अर्ध्या भागाची.

आणि जपानी ड्रायव्हर आभार कसे मानतो? तुम्ही त्याला वाट दिलीत की तो पुढे जाऊन दोन-तीनदा चारही इंडिकेटर लुकलुकवतो. आपल्याकडे त्या कामाला क्लीनरचा खिडकीबाहेर आलेला हात असतो.

डिप्परचं बघा. आपल्याकडे समोरच्याने डिप्पर मारला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब.’ ब्रिटनच्या रस्त्यावर बहुतेकदा अर्थ उलटा: ‘मी थांबलोय, तू जा.’ तिथल्या नियमपुस्तकाला दोन्ही अर्थ मान्य नाहीत. ते सांगतं की दिवा फक्त ‘मी इथे आहे’ एवढं कळवायला वापरावा. लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्या लेकाकडे जाऊन पहिल्याच दिवशी स्टिअरिंग हातात घेणार असाल, तर हा फरक आधी डोक्यात पक्का करा. यावर जीव अवलंबून असतो.

एका रात्रीत बाजू बदललेले देश

जगातली साधारण एक तृतीयांश माणसं डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत राहतात, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा आपला. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान हेही डावे. म्यानमार मात्र उजवा. १९७० च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने डावी बाजू सोडून उजवी धरली. गाड्या मात्र मुख्यतः जपानमधून जुन्या आणलेल्या, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडेच. ओव्हरटेक करताना समोरचं दिसायला ड्रायव्हरला शेजारच्या माणसाला विचारावं लागतं. मणिपूरच्या मोरेहून पलीकडच्या तामूत शिरलात की बाजू बदलायची.

स्वीडनने ही उलथापालथ ३ सप्टेंबर १९६७ ला केली. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोक विरोधात गेले होते, तरी सरकारने निर्णय घेतला. शेजारच्या नॉर्वे-फिनलंडमध्ये उजवी बाजू होती, आणि सीमेवर गोंधळ उडत होता. रविवारी पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबल्या, हळूच उजवीकडे सरकल्या, आणि ठोक्याला पाच वाजता निघाल्या. पुढच्या काही आठवड्यांत अपघात वाढायच्या ऐवजी घटले, कारण प्रत्येक जण जीव मुठीत धरून जपून चालवत होता. भीती ओसरली तसे ते पुन्हा पूर्वपदावर आले.

सामोआने याच्या नेमकं उलट केलं, ७ सप्टेंबर २००९ ला उजवीकडून डावीकडे. कारण पैशाचं: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपानमधल्या जुन्या गाड्या स्वस्त मिळतात आणि त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. लोकांना सवय व्हावी म्हणून सरकारने दोन दिवस सुट्टी दिली.

आणि आपला गोवा? पोर्तुगालने १९२८ मध्ये डावी बाजू टाकून उजवी घेतली. त्यांच्या हुकमाखालचा गोवा मात्र डावीकडूनच चालत राहिला. जमिनीच्या बाजूला सगळीकडे ब्रिटिश हिंदुस्थान, तोही डावीकडून चालणारा. सावंतवाडीहून किंवा बेळगावहून आलेली गाडी सीमेवर कुठे बाजू बदलणार? आफ्रिकेतल्या मोझांबिकनेही शेजाऱ्यांकडे बघून हेच केलं. म्हणजे लिस्बनमधून सुटलेला नियम पणजीत पोचलाच नाही. गोव्याची आणखी एक खासियत सांगायलाच हवी: मोटारसायकलवर भाडं घेऊन माणसं नेणारे ‘पायलट’. पुढच्या मडगार्डचा पिवळा रंग बघून हात करायचा. आज शहरोशहरी ॲपवर बाइक-टॅक्सी बोलावता येते. गोंयकारांना तिचं नवल नाही.

मॉरिशसमधली मराठी कुटुंबं घरात मराठी सण करतात, बाहेर क्रेओल आणि फ्रेंच बोलतात आणि गाडी डावीकडून चालवतात. भाषा फ्रेंचांची राहिली, रस्ता इंग्रजांचा झाला.

नंबर प्लेट आणि बदली

बालाघाटची गाडी एमपी ५०, वाघनदीच्या पलीकडच्या गोंदियाची एमएच ३५. पूल ओलांडला की पाटी बदलते, पण बाजारहाट, सोयरीक आणि दवाखाना यांना पाटी लागत नाही. १९५६ पर्यंत दोन्हीकडचा कारभार नागपूरहूनच चालायचा.

पण एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर कायद्याने नवा नंबर घ्यावा लागतो. मॉइलचं उदाहरण घ्या. केंद्र सरकारची कंपनी, मुख्यालय नागपुरात, खाणी महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात. मनसरहून उकव्याला बदली झाली की सामानाच्या जोडीला आरटीओचे कागद, ना हरकत दाखला, रस्ता कर, जुना कर परत मिळवायचे हेलपाटे. यावर सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आली. तिचा नंबर २२ बीएच असा सुरू होतो, पुढे आकडे आणि अक्षरं. पहिले दोन आकडे नोंदणीच्या वर्षाचे. केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सैन्य, सरकारी कंपन्या आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे लोक तो घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. खाणीच्या वसाहतीसाठी यापेक्षा सोयीचं काही झालं नसेल.

स्वित्झर्लंडमध्ये नंबर गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तर पाटी काढून घरी आणायची आणि नव्या गाडीला लावायची. एकाच पाटीवर दोन गाड्या ठेवायची मुभाही आहे, फक्त एका वेळी एकच रस्त्यावर आणायची.

चौकातले मानकरी

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आई-बाबा परत आले की दोन गोष्टी हटकून सांगतात. पहिली, चारी बाजूंना ‘स्टॉप’च्या पाट्या असलेला चौक. सिग्नल नाही, पोलीस नाही, रात्रीचे बारा, चिटपाखरू नाही. तरी लेक गाडी पूर्ण थांबवतो आणि मग निघतो. चार गाड्या आल्या तर जो आधी थांबला तो आधी निघतो. रेशनच्या रांगेत हे आपण बिनचूक पाळतो, मग चौकात अडचण काय?

दुसरी, पिवळी शाळेची बस. तिने लाल दिवे लावले आणि बाजूचा ‘स्टॉप’चा हात बाहेर काढला की मागच्या गाड्या थांबतातच, रस्त्याला दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्याही थांबतात. मूल रस्ता ओलांडून जाईपर्यंत सगळं गाव थांबतं. मला जगभरच्या नियमांतला हा सगळ्यात आवडतो.

तिसरी गोष्ट मीच जोडते, कारण ती कळीची आहे. आपल्याकडे पोलिसाने हात केला की आपण गाडी बाजूला घेतो, उतरतो, डिकीतून कागद काढून साहेबांपाशी जातो. बसून राहिलो तर उद्धटपणा वाटतो. अमेरिकेत उतरलात तर पोलिसाला तो धोका वाटतो. तिथे गाडीतच बसायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि तो काचेपाशी येईपर्यंत हलायचं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पॅरिसमध्ये आर्क द त्रिओम्फभोवती बारा रस्ते येऊन मिळतात आणि फ्रान्सचा जुना ‘उजवीकडून येणारा आधी’ हा नियम तिथे अजून लागू आहे. म्हणजे चक्रात असलेल्याने नव्याने घुसणाऱ्याला वाट द्यायची. आपल्या गोल चौकात नेमकं उलट: आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. भूतानची राजधानी थिंफू तर सिग्नलच्या दिव्यांशिवाय चालते. एकदा दिवा बसवला होता; लोकांना रुचला नाही, काढून टाकला. नक्षीदार छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हाताने वाहतूक वळवतो, आणि लोकांना तोच हवा असतो.

वर्षातला एक दिवस, गाडीच नाही

कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायली आजही तिथे मराठी बोलतात, आणि ‘मायबोली’ नावाचं त्यांचं मराठी नियतकालिकही आहे. त्यांच्या नव्या देशात योम किप्पूर या उपवासाच्या दिवशी रस्ते ओस पडतात. तसा कायदा नाही, तरी रुग्णवाहिका सोडली तर गाडी निघत नाही. मोठ्या हमरस्त्यांवर मुलं सायकली घेऊन उतरतात, सहापदरी रस्त्याच्या मधोमध. दिमोना आणि लोद या गावांत वाढलेल्या मराठी घरातल्या मुलांच्याही लहानपणीचा हा सगळ्यात मोठा सायकल-दिवस.

पगार सांगा, मग दंड सांगतो

आपल्याकडे १ सप्टेंबर २०१९ पासून दंड वाढले. केंद्राच्या कायद्यात विना हेल्मेट १,००० रुपये, दारू पिऊन चालवल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये व तीन वर्षांपर्यंत कैद. काही दंड राज्यांनी आपापल्या परीने कमी केले, म्हणून वाघनदीच्या अलीकडे एक आकडा आणि पलीकडे दुसरा.

फिनलंडमध्ये मोठ्या वेगभंगाचा दंड कमाईवर ठरतो. पोलीस आयकराची नोंद बघतात आणि हिशेब करतात. नोकिया कंपनीचे अधिकारी आन्सी वान्योकी ५० च्या हद्दीत ७५ ने मोटारसायकल चालवताना सापडले. २००२ मध्ये त्यांना ठोठावलेला दंड सुमारे १,१६,००० युरो. २०२३ मध्ये आलांद बेटांवरचे उद्योजक आंदेर्स विक्लॉफ ५० च्या हद्दीत ८२ ने गेले आणि त्यांना १,२१,००० युरो भरावे लागले. खाणीतल्या मजुराचे हजार आणि कोट्यधीशाचे हजार सारखे नसतात, हे त्या देशाने मान्य केलंय. मला हे न्यायाचं वाटतं.

जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागांवर वेगाला मर्यादा नाही, ताशी १३० ची फक्त शिफारस. पण त्याच ऑटोबानवर पेट्रोल संपून गाडी बंद पडली तर दंड. टाकी भरायचं भान ठेवणं ही तुमची जबाबदारी. आपल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, आणि दुचाकीला प्रवेशच नाही.

जर्मनांची उचलण्यासारखी खरी सवय दुसरीच आहे. महामार्गावर गर्दी तुंबू लागली की कुणी सांगण्याआधी सगळ्यात डावीकडच्या रांगेतल्या गाड्या डावीकडे दबतात, बाकीच्या उजवीकडे. मधे रुग्णवाहिकेसाठी मोकळी गल्ली तयार होते. गाड्या थांबल्यावर नाही, वेग मंदावतानाच. न करणाऱ्याला किमान २०० युरो दंड. आपल्याकडे रुग्णवाहिका अडवल्यास १०,००० रुपये दंड आहे, पण ती भोंगा वाजवत मागे येईपर्यंत कुणी हलत नाही, आणि मग हलायला जागा उरत नाही. बैहर किंवा उकव्याहून रुग्णाला बालाघाट, मग गोंदिया किंवा नागपूर गाठायचं असतं, तेव्हा ही गल्ली म्हणजे एखाद्याचं आयुष्य. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीत अडकवू शकत नाहीत, असं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने दिलंय. गावागावात हे भिंतीवर लिहायला हवं.

दिवा चालू आहे, भाऊ!

मोटारसायकलवरून भर दुपारी जाताना समोरचा माणूस हाताची मूठ उघडमीट करून खूण करतो: दिवा चालू राहिलाय. काळजीपोटीच करतो. पण १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर लागतो, बंद करायचं बटणच नाही. उद्देश हा की समोरच्याला दुचाकी लांबून दिसावी. स्वीडनमध्ये सगळ्याच गाड्यांना दिवसा दिवे लावायची सक्ती १९७७ पासून आहे.

वाघाला वाट

उकव्याचा रस्ता पुढे कान्हाच्या मुक्की फाटकाकडे जातो, त्यामुळे इथे ‘आधी कोण’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी चार पायांवर येतं. नागपूर–शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा आणि पूल बांधले, त्यांतला सगळ्यात लांब ७५० मीटरचा. कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ त्यांखालून जाताना दिसले; वर ट्रक धावत होते. जबलपूर–भोपाळ मार्गावर वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत डांबरावर जाड लाल चौकोन उमटवलेत, चाक त्यावरून गेलं की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बंदीपूरने तर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा रस्ताच बंद ठेवलाय.

ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर पावसाळा लागला की कोट्यवधी लाल खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात. तेवढे दिवस काही रस्ते बंद, आणि एका ठिकाणी खेकड्यांसाठी रस्त्यावरून खास पूल उभारलाय.

शेवटी परत जपान, आणि एक नियम जो उकव्याला ताबडतोब हवा. तिथल्या कायद्यानुसार डबक्यातून गाडी नेताना पायी चालणाऱ्याच्या अंगावर चिखल उडवणं हा गुन्हा आहे. वेग कमी करा नाहीतर दंड भरा. जुलै-ऑगस्टात लाल मातीच्या कडेने शाळेत निघालेल्या पोरी पांढऱ्या ओढण्या सांभाळत गाडी आली की रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहतात. हा नियम लागू करायला सिग्नल नको, कॅमेरा नको. ट्रकवाल्याने डबक्यापाशी गिअर उतरवला की झालं.